मुळी नसलेले टेकोडे

मला रानातल्या छत्र्या, म्हणजे अळंब्या, ओळखता येत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण सासरी माझी ख्याती उलटी आहे. मला एकच ओळखता येते, वारुळावर उगवणारी, जिला आमच्याकडे टेकोडे म्हणतात. तीही जमिनीतून अख्खी उकरून हातात आली तरच. बाकी सगळ्यांपुढे मी आंधळी आहे आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

माझं माहेर जानेफळकडचं. वडील भाजीपाला लावायचे, आणि पावसाळ्यात मला टेकडीवरच्या सागवानात घेऊन जायचे. टेकोडा उपटायचा नाही, हा त्यांचा नियम. खुरप्याने बाजूची माती सोडवायची आणि मग बोटांनी खाली खाली जायचं. खऱ्या टेकोड्याला लांब मुळी असते, ती थेट वारुळात उतरते. मुळी सापडली की वडील मान डोलवायचे. नाही सापडली, तर वरची छत्री कितीही देखणी असो, तिथेच ठेवून पुढे. बुडाशी फुगीर पिशवी दिसली की ती विषारी म्हणून मला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत. खरी अडचण ही की वरून सगळ्या बहिणी-बहिणी दिसतात. सकाळी कळी असते, दुपारी तिचीच छत्री होते, संध्याकाळी ती काळी पडून लोळते. रंगावर जावं तर पाऊस रंग धुऊन नेतो. किड्यांनी खाल्लेली माणसालाही चालते, असं ठासून सांगणारे भेटतात. चालत असेल, पण किड्याचं पोट मला दिलेलं नाही.

लग्न होऊन उंद्रीला आले. इथे टेकोड्याला मान मोठा. श्रावणात मटण बंद, त्यामुळे खडा मसाला वाटून टेकोड्याचा झणझणीत रस्सा करायचा आणि मटण जेवल्यागत जेवायचं, ही घरची रीत. आणि पारखायची रीतही ठरलेली. देवघरातला चांदीचा रुपया धुऊन रश्श्यात सोडायचा. रुपया काळा पडला तर विष, पांढरा राहिला तर वाढा. सासूबाईंच्या सासूबाईंपासून हेच चालत आलेलं. देवाचा रुपया, त्यामुळे शंका घ्यायची सोयच नाही.

रुपयाच्या पारखीवर माझा विश्वास नव्हता, तरी मी पहिली काही वर्षं गप्प राहिले, कारण टेकोडे माझा नवरा आणायचा आणि तो मुळीसकट आणायचा. मी मुळ्या पाहायची, सासूबाई रुपया पाहायच्या. दोघींचं समाधान व्हायचं.

त्या श्रावणात मात्र मोठे दीर घेऊन आले. टोपलीभर पांढऱ्याशुभ्र कळ्या, मातीचा कण नाही. विळ्याने जमिनीलगत कापून आणलेल्या. घरात चिखल नको म्हणून माणसाने केवढी काळजी घेतली होती. नेमकं जे पाहायचं तेच वावराच्या बांधावर टाकून आले होते.

मी विचारलं, "भाऊजी, याचे बुड कुठं हायेत?"

दीर माझ्याशी थेट बोलत नाहीत, नवऱ्याकडे पाहून बोलतात. ते नवऱ्याला म्हणाले, "माती कायले आणू घरात? तिथंच फेकले."

मी विचारलं, वारुळावरच्या होत्या का. तर म्हणे, वारुळाच्या आसपास होत्या. आसपास! आसपास तर बाभळीही असतात. नवऱ्याने फोटो काढून घरच्यांच्या ग्रुपवर टाकला. पुण्यातल्या चुलत नणंदेचा अंगठा लगेच आला. तिने गेल्या कित्येक वर्षांत पिशवीतल्या मश्रूमशिवाय काही पाहिलेलं नाही, पण अंगठा आला.

सासूबाईंनी रस्सा चढवला. मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले आणि माझं बोलणं फोडणीच्या आवाजात जात राहिलं. रश्श्याचं पातेलं, आमच्याकडचा गंज, उतरवला, आत सोडलेला रुपया काढला. पांढरा. दिरांच्या चेहऱ्यावर हसू आलं. माझी सहा वर्षांची मुलगी ताट घेऊन पहिल्या रांगेत बसली होती, कारण पहिली वाटी लहानांना द्यायची.

मी म्हटलं, हिला वाढायचं नाही. सासूबाईंचा हात थांबला.

"रुपया पांढरा हाय. देवापेक्षा तुले जास्त समजते काय?"

"याच्यातलं समजते, आत्याबाई. मुळी पाह्यल्याबिगर मी कोणालेच खाऊ देणार नाही."

कोणालाच, हा शब्द तोंडातून गेला आणि माझ्या लक्षात आलं की आता माघार नाही. फक्त मुलीला उठवून नेलं असतं तर घरात थोडी कुरबुर झाली असती, इतकंच. पण बाकीची माणसंही माझीच होती, माझ्याशी कशीही वागत असली तरी. मला भयंकर राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. मी पदराने गंज धरला, मागच्या दाराने उकिरड्यावर गेले आणि सगळा रस्सा ओतला. कुत्रं येईल म्हणून वरून फावड्याने शेण-माती ओढली. हात भाजले ते नंतर कळलं.

परत आले तर सगळे ताटांपाशीच बसलेले. दीर उठले आणि नवऱ्याला म्हणाले, "तुह्या बायकोले सांग, मी काई या घराचा दुश्मन नाही." ते न जेवता आपल्या खोलीत गेले. नवरा म्हणाला, एवढं नाटक करायची गरज नव्हती. सासूबाईंनी रुपया पुसून देवात ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. मी ठेचा कुटला, भाकरी थापल्या. ज्याला खायच्या त्याने खाल्ल्या.

आता लग्नाकार्यात हा किस्सा माझी फिरकी घ्यायला सांगतात. अख्खा गंज उकिरड्यावर, म्हणून बायका पोट धरून हसतात. मग एखादी हळूच विचारते, खरंच विषारी होत्या का त्या? मला माहीत नाही. मला तेव्हाही माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं म्हणूनच ओतलं. बरोबर ठरायची मला हौस नव्हती.

रस्सा ओतला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई उठल्या, नवरा उठला, मुलगी उठली, शेजारच्या खोलीतून दिरांचा खाकरण्याचा आवाज आला. मुलगी सोडून माझ्याशी कोणीही एक शब्द बोललं नाही. मी सगळ्यांसाठी चहा ठेवला. अबोला धरायला घरातलं एकूणएक माणूस शिल्लक होतं.