अमावस्येचं कन्फर्म तिकीट

"अमावस्येला न्हाई जायाचं म्हंजे न्हाई!" अप्पांनी माझ्या टेबलावर हात आपटला. "दुसरी तारीख काढा."

"दुसरी सीट आठवड्यानं आहे. तीही वेटिंगवर."

अप्पा इचलकरंजीचे यंत्रमागवाले. लेक सॅन फ्रान्सिस्कोला, पहिलटकरीण. डॉक्टरांनी सांगितलेलं, दिवस भरायच्या आधीच बाळंत होईल. जावयाशिवाय तिथं जवळचं कुणी नाही. तिच्या आईचा, म्हणजे अक्कांचा, जीव थाऱ्यावर नव्हता. बाळंतपणाला त्या एकट्याच जाणार होत्या. नव्वदच्या दशकाचा शेवट. कोल्हापुरात माझी ट्रॅव्हल एजन्सी नवी होती.

अक्का तिकीट बघून म्हणाल्या, "रात्री निघून त्याच दिवशी दुपारी पोचतंय की. जवळच हाय."

मी समजावलं. तिकिटावर त्या त्या गावचा लोकल टाइम असतो. तिथलं घड्याळ आपल्या बारा-तेरा तास मागं. वाटेतला हॉल्ट धरून खरा प्रवास चोवीस तासांच्या वर, अंतर साडेतेरा हजार किलोमीटर.

"आन हितनं मुंबई?"

"जीपनं दहा तास."

तिथंच घोडं अडलं होतं. विमान मध्यरात्रीनंतरचं, तोवर अमावस्या संपत होती. पण घर सोडायचं भर अमावस्येत. मला राग आला. पोरगी तिकडं एकटी, आणि हे पंचांग घेऊन बसलेत! शेवटी मीच म्हणालो, "मग प्रस्थान ठेवा की."

चांगल्या दिवशी प्रवासाची एखादी वस्तू दुसऱ्याकडं नेऊन ठेवायची. त्याच दिवशी निघालो असं धरतात. जाताना ती उचलायची, घरी परत न्यायची नाही. अप्पा विरघळले. त्रयोदशीला एक छोटी बॅग माझ्या ऑफिसात आली.

निघायच्या दिवशी सकाळीच एका ड्रायव्हरचा फोन. खंबाटकी घाटात ट्रक उलटलेला, वाहतूक तुंबलेली. मी लगेच इचलकरंजीला फोन लावला.

"अप्पा, आत्ताच निघा. बॅगेसाठी कोल्हापुरात शिरू नका. कपडे मागनं पाठवू."

"कपडे कुठलं, सायेब? पासपोर्ट हाय त्यात! तिकीट बी! मंडळी म्हणली, प्रवासाची खरी वस्तू तीच."

मी कपाळाला हात लावला. "मी हायवेवर शिरोली फाट्यावर थांबतो. थेट तिथं या."

स्कूटरवर पायात बॅग घेऊन मी फाटा गाठला. मोबाइल कुणाकडं नव्हता. दिसेल त्या जीपला हात करत होतो. अप्पांची जीप काही येईना. चहा घेतला तो तसाच टाकला. प्रस्थानाची अक्कल मीच पाजळली होती ना!

अखेर जीप आली ती पुण्याच्या बाजूनं. ड्रायव्हर सवयीनं वडगावच्या रस्त्यानं वाठारला, फाट्याच्या बराच पुढं, निघालेला. हायवेला लागल्यावर अप्पांना फाटा आठवला.

"माघारी फिराय लागलं बघा! अमावस्या, दुसरं काय?"

"अमावस्या नव्हे अप्पा, ड्रायव्हर!"

अक्कांनी खिडकीतून बॅग घेतली, कपाळाला लावली आणि छातीशी धरली. जीप गेली तरी मी बराच वेळ फाट्यावरच उभा होतो.

मुंबईला विमानतळावर काउंटर बंद होता होता अक्का पोचल्या. त्या अमेरिकेत उतरल्या आणि दुसऱ्याच दिवशी लेक बाळंत झाली. अप्पा पेढे घेऊन आले. एवढा मोठ्या आवाजाचा माणूस, पण खालच्या आवाजात म्हणाले, "आठवडाभर थांबलो असतो तर पोरगी एकलीच हुती की वो."

पुढं बरीच वर्षं धंदा केला. विमानाला किती तास लागतात ते कॉम्प्युटर सांगतो. उंबरा ओलांडायला किती लागतील, ते गिऱ्हाइकालाच विचारावं लागतं. आजही माझ्या ऑफिसात प्रस्थानाच्या बॅगा येतात. मी ठेवून घेतो. फक्त आधी उघडून पासपोर्ट काढून हातात देतो.