माय त्सिमेची विहीर

आफ्रिकेतल्या गुटूच्या खडकाळ मुलखात बाईला तिच्या थोरल्या लेकराच्या नावानं हाक मारतात. मुचानेताला मूल नव्हतं, म्हणून सगळे तिला माय त्सिमे म्हणत, विहिरीची आई. आधी तो टोमणा होता. पण ऑक्टोबरात, पावसाच्या आधी, नदीची वाळू पायाला चटके द्यायला लागली, की गावात तेवढी तिचीच विहीर टिकायची. मग टोमण्याचा मान झाला.

विहीर तिच्या नवऱ्यानं, मुदिवानं खोदलेली. खडकावर लाकडं पेटवायची, तापला की पाणी ओतायचं, तडकला की पहारीनं उचकटायचा. तळाशी एक बोटभर भेग लागली आणि पाणी आलं. मुदिवा वारला, भेग वाहत राहिली. पाणी सावकाश भरायचं, त्यामुळे बायका उंबराखाली बसून राहायच्या. कुणाचं नवऱ्याशी बिनसलं, कुणाची सून उलटून बोलते, सगळं तिच्या कानावर यायचं. तिचं मत घेतल्याशिवाय कुणी पुढचं पाऊल टाकत नसे.

मग धाकट्या दिराची बायको रुतेंदो हिच्या अंगणात बोअर पडली. दीर दक्षिण आफ्रिकेत खाणीवर होता, त्यानं खोदायचं मशीन पाठवलं. मोठ्या खडकापलीकडे हातपंप उभा राहिला. दांडा हाणला की बादली भरते म्हटल्यावर बायका तिकडे वळल्या. मुचानेता उंबऱ्यात बसून तिकडचं हसणं ऐकायची. लोखंडाचा वास येतो त्या पाण्याला, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. रुतेंदोनं एकदा शेंगदाण्याच्या कुटातली भाजी वाटीभर पाठवली. मुचानेतानं ती कोंबड्यांपुढे ओतली आणि वाटी घासून लख्ख करून परत धाडली.

त्याच उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिच्या विहिरीचं पाणी खाली गेलं. रुतेंदोच्या पंपानं ओढलं, असं ती उघड म्हणू लागली. गाव हसलं. म्हाताऱ्या चिवासांची विहीर पंपाला अगदी लागून होती आणि एरवी ऑक्टोबरात आटणारी ती अजून भरलेली होती. चिवासांना वळसा घालून पाणी हिच्याकडनंच कसं पळालं? गावप्रमुख गोंडोंनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "माय त्सिमे, आटलंय ते पाणीच ना, की उंबराखालची बैठक?"

ती उठून घरी आली. जीव जळतोय हे तिलाही ठाऊक होतं. आपण खरं बोलतोय की नुसतं जळतोय, हे मात्र तिचं तिलाच उमगेना.

तरी ती गोंडोंच्या दारात जातच राहिली. शेवटी कंटाळून त्यांनी पाणीखात्याच्या मोयोबाईंना बोलावलं. मोयोबाईंनी बोअरला इंजिन लावून सकाळभर पाणी उपसलं. चिवासांच्या विहिरीचं पाणी जागचं हललं नाही. मुचानेताच्या विहिरीत मात्र दगडावर हातभर ओला पट्टा उघडा पडला. मोयोबाई म्हणाल्या, असल्या दगडातून पाणी झिरपत नाही, भेगेभेगेनं धावतं. एकच भेग खडकाखालून ही विहीर आणि बोअर, दोघींना जोडते, चिवासांची वेगळी आहे.

सगळं गाव तिथं उभं होतं. मुचानेतानं कुणाकडे पाहिलं नाही, फक्त रुतेंदोच्या तोंडाकडे पाहिलं. ते पडलेलं तिला बघायचं होतं. पण रुतेंदो जवळ आली आणि म्हणाली, "मायगुरू, मला खरंच माहीत नव्हतं हो." मायगुरू म्हणजे थोरली जाऊ; तिला शोभेल अशा अदबीनं म्हणाली. मुचानेताचा अर्धा आनंद तिथंच करपला.

रोज दुपारनंतर पंपाला कुलूप लावायचं ठरलं. विहीर पुन्हा वर आली. मुचानेतानं उंबराखालची जागा झाडली, नवा दोर आणला आणि वाट पाहिली. कुणी आलं नाही. सकाळीच पंपावर पटापट भरून होत होतं, तर दोर ओढायला कोण येणार? तिच्या वाफ्यातली कोव्होची पालेभाजी मात्र कधी नव्हे इतकी माजली. ती खायला माणूस नव्हतं. पूर्वी निदान म्हणता यायचं की माझं चोरलं. आता जळायला कारणही उरलं नव्हतं, तरी ती जळतच होती.

पावसाच्या तोंडावर पंपाचा वायसर फाटला, दांडा नुसता खडखडायला लागला. रुतेंदो पाठीला पोर बांधून, बादली घेऊन सगळ्यांच्या आधी एकटीच आली. दोर तुटलाय असं सांगावं, हे मुचानेताच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तिनं बादली सोडली. ती भरेपर्यंत रुतेंदो उंबराखाली टेकली.

"तिकडे माझ्याबद्दल काय बोलतात गं?" मुचानेतानं विहिरीत बघतच विचारलं.

"काही नाही, मायगुरू. भरतात आणि जातात. पंपावर बसतंय कोण?"

मुचानेताचा विश्वास बसला नाही. एवढ्या हसणाऱ्या बायका गेल्या कुठं मग? तिनं भरलेली बादली काठावर ठेवली आणि रुतेंदो उठायच्या आत, तिनं न मागताच, आपली स्वतःची बादली खाली सोडली. ती भरायलाही वेळ लागणार होता.