ब्रेकचं गाऱ्हाणं

मालवण बाजारातला तो सायकल दुरुस्त करणारा बोलताना माणसाकडे बघतच नाही, चाकाकडे बघतो. आंबोलीहून अभयारण्याच्या डोंगरातून सायकलने मोठी फेरी मारायचं मी ठरवलं आणि फोनवरचा नकाशा त्याला दाखवला. त्यात वनखात्याने बंद केलेली एक पायवाट होती. तिच्यामुळे बारा किलोमीटरचा चढ वाचत होता.

"थंय गवे आसत. वाट उगाच बंद करूक नाय, मास्तर," तो चाकाला म्हणाला.

"कोण बघतंय?" मी म्हणालो.

निघायच्या आदल्या दिवशी सायकल न्यायला गेलो, तर त्याने हँडलपुढे नारळ ठेवून सगळ्या गिऱ्हाइकांदेखत गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, मास्तर उद्या डोंगरात जातत. त्येंचे ब्रेक लागांदेत, चेन शाबूत रवांदे."

"होय म्हाराजा," गिऱ्हाइकं म्हणाली.

"आणि बंद वाटेन गेले, तर थंयच पंक्चर होवंदे."

"होय म्हाराजा."

आता सगळे माझ्याकडे बघत होते. पहिल्यांदाच तोही बघत होता. देवावर माझा विश्वास बेताचाच आहे, पण या माणसाने लावलेल्या ब्रेकवर मी आठ वर्षं घाट उतरतो आहे. मीही "होय म्हाराजा" म्हणालो.

घरी येऊन नकाशातली ती वाट पुसली आणि पहाटेचा गजर दीड तास अलीकडे आणला.