विहिरीचा सौदा

एक फिर्याद मी अजून विसरलेलो नाही, कारण ती मी आधी चुकीच्या रीतीनं निकालात काढली होती. धर्मांतरानंतरचा पहिलाच उन्हाळा. मी जामकडच्या एका ठाण्यात ठाणेदार होतो.

सकाळच्या हजेरीला बौद्ध वस्तीतली एक बाई आली. "साहेब, माह्या माणसानं विहीर इकली. त्याले धमकावलं जी. वस्ती आता त्याच्या तोंडावर थुकून राह्यली."

विहीर त्या नवरा-बायकोच्या शेतातली. वस्तीनं मेलेली जनावरं ओढणं सोडलं होतं, आणि कोणापुढे हात न पसरता पाणी मिळे ते तिथंच. विहीर गेली तर पाण्यासाठी पुन्हा तेच काम करावं लागणार, हे सगळे जाणून होते.

मी तिच्या गावी गेलो. घेणारा तिथला बडा संत्रा बागाईतदार. त्याच्याच ओसरीवर बसलो, चहा प्यालो, बाईच्या नवऱ्याला तिथंच बोलावलं. खरेदीखत पक्कं, भाव चोख.

"धमकी दिली का?"

"नाई साहेब. राजीखुशीनं देली."

तसा शेरा मारून मी प्रकरण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा हजर. "कोणाच्या ओसरीत बसून इचारलं तुमी? तेथं तो काय बोलन?"

जमादार तिच्यावर खेकसला. मला मात्र शरम वाटली. अहो, नवशिका शिपाईसुद्धा अशी चूक करणार नाही!

नवऱ्याला ठाण्यात बोलावलं, जमादाराला बाहेर धाडलं. या वेळी धमकीचं नाव काढलं नाही. एवढंच विचारलं, "नाही म्हटलं असतं तर?"

तो सांगू लागला.

"बाजूवाल्यानं वावर इकाले नाई म्हटलं होतं जी. चौथ्या दिशी त्याची कडब्याची गंजी जळाली. मंग मालक माह्याकडे आले. बिडी देली. म्हणे, भाव चांगला देतो. तुही गंजी तं घराले लागूनच हाये ना? घरात तीन लेकरं झोपतात साहेब."

"आवाज चढवला?"

"नाई. लय गोडीनं बोलले."

बाजारात सौदा फिसकटला तर माणूस आपला माल घेऊन घरी जातो, होता तसाच. इथं नाही म्हटलं तर घरच उरणार नव्हतं. मग भाव कितीही चोख असो, त्याला सौदा कसं म्हणायचं?

मी कागद पुढे ओढला. तेव्हा त्यानं मलाच विचारलं, "साहेब, म्या बयान नाई देलं तर?"

आधी माझं डोकंच फिरलं. मग लक्षात आलं, त्याचा प्रश्न बरोबर होता.

"तर घरी जा. कोणी तुला हात लावणार नाही."

तो उठला, दारापर्यंत गेला, थांबला. परत येऊन बसला. "मंग लिहा."

त्या रात्री बागेचा राखणदार गंजीजवळ दिसला होता, हेही जबाबात आलं; त्यावरून त्याला उचललं. गंजी आपण पेटवली आणि मालकाच्या सांगण्यावरून पेटवली, असं त्यानं कबूल केलं. मालकावर खटला झाला, खरेदीखत रद्द झालं, विहीर वस्तीकडे राहिली.

तेव्हापासून मी प्रत्येक साक्षीदाराला आधी सांगू लागलो, जबाब द्यायचा नसेल तर खुशाल घरी जा. काही जण खरंच उठून गेले, आणि त्यापायी मी वरिष्ठांची बोलणी खाल्ली. पण जे बसून राहिले, त्यांतला कोर्टात उलटलेला एकही मला आठवत नाही.