वहिनी माहेरी जाऊन राहिली

आमच्या ह्यांच्या कादंबरीत सगळं होतं. गावाचा नकाशा, तलाव, देऊळ, कोणाच्या शेताला कोणाचं शेत लागून आहे ते. पात्रांची वंशावळ तर आमच्या घरच्यापेक्षा पक्की! नव्हता तो एकही प्रसंग. आता जमलं नाही तर लिहिणं सोडतो, असं ह्यांनी जाहीर केलं. मी म्हटलं, चला, ज्या गावावर लिहिताय ते एकदा बघून तरी येऊ. ऐंशीच्या दशकातली गोष्ट.

बीज असं पडलं होतं: ह्यांच्या पुण्याच्या ऑफिसात सिहोऱ्याचा वासुदेव होता. तो एकदा म्हणाला, "वहिनी माहेरी जाऊन राहिली." झालं! नांदती बाई घर सोडून माहेरी का राहते, ह्यावर ह्यांनी काही वर्षं डोकं खाजवलं.

रेल्वेने नागपूर, मग एसटीने भंडारा, तुमसर, सिहोरा. जाणार असाल तर मागची सीट टाळा. आम्ही बसलो कमी, उडालो जास्त. पण दोन्ही बाजूंना धान असं हिरवंगार की कंबरेचं दुखणं विसरायला होतं.

वासुदेवच्या घरचं दार उघडलं ते त्याच वहिनींनी, कुसुमवहिनींनी. ह्यांचा चेहरा पडला. भात, वरण, वांग्याची भाजी, जवसाची चटणी असं झकास जेवण चाललं असताना ह्यांनी हळूच विचारलं, माहेराहून कधी परतलात? त्या म्हणाल्या, मी तर दर साली जाते नि चार दिवसांत येते. तिकडे 'जाऊन राहिली' म्हणजे नुसतं 'जाते आहे', हे तेव्हा कळलं. ह्यांचा घास हातातच राहिला. मी पदर तोंडाला लावून हसले आणि कादंबरीची सगळी हकीकत वहिनींना सांगून टाकली.

दुसऱ्या दिवशी वहिनी आणि त्यांच्या यजमानांबरोबर आंबागड चढलो. सकाळीच निघा आणि पाणी घरूनच न्या. उतरताना वहिनींनी विचारलं, "भाऊ, तुमच्या कादंबरीत मी काहून गेली?"

ह्यांनी ओशाळत सांगितलं: नवरा भला माणूस, पण धानापाण्यापलीकडे बायकोशी एक शब्द बोलत नाही, म्हणून.

यजमान बरेच पुढे चालले होते. वहिनींनी त्यांच्या पाठीकडे पाहिलं.

"गेली नाही, तेवढंच," त्या म्हणाल्या. "बाकी बरोबर लिहिलं तुम्ही."

मला फार वाईट वाटलं. आदल्या दिवशीचं हसूही बोचायला लागलं.

घरी आल्यावर ह्यांनी नकाशा गुंडाळून माळ्यावर टाकला आणि पहिला प्रसंग लिहिला: पिशवी घेऊन एसटीची वाट बघणारी बाई. पुढे कादंबरी छापून आली, बेताचीच खपली. मला मात्र त्या सहलीतून एक क्रियापद मिळालं. अजूनही फार भांडण झालं की मी म्हणते, "मी माहेरी जाऊन राहिली."

हे पेन खाली ठेवतात. "पुण्याच्या अर्थाने की सिहोऱ्याच्या?" असं विचारतात आणि समोर येऊन बसतात. त्यांनी विचारलं की माझा राग निम्मा उतरतो.