निर्मलशेठचा नियम

धुळ्यात आजही निर्मलकुमारचं नाव काढलं की समोरचा आधी हात जोडतो आणि मग बोलतो. ते बघितलं की माझं डोकं फिरतं. हात जोडणाऱ्यांचा राग नाही हो, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत? पण त्या जोडलेल्या हातांपायी एक चांगला हसरा माणूस वर्षानुवर्षं मान खाली घालून फिरतोय, त्याचं मला वाईट वाटतं. आणि वाईट वाटलं की मला राग येतो. माझा स्वभावच तसा, त्याला इलाज नाही.

नव्वद-एक्क्याण्णव सालची गोष्ट. आम्ही चौघं दर रविवारी सकाळी सायकली काढून लळिंगच्या डोंगराकडे जायचो. मी लीलाधर, एसटीच्या वर्कशॉपात टायर बदलणारा. निंबा शाळेत शिपाई. भाईदास ट्रकच्या बॉड्या बांधायचा. वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता, आणि पिण्यातही नव्हता. चौथा निर्मलकुमार, दलिचंद शेठजींचा मुलगा, कापडदुकानाच्या गादीवर बसणारा. लोक सायकलीवर दूध वाहायचे, डबे वाहायचे. आम्ही लग्न झालेली, पोरंबाळं असलेली माणसं सायकल डोंगरावरून खाली सोडायचो आणि कोण जास्त उंचावरून उडी मारतो याच्या पैजा लावायचो. घरचे म्हणायचे, वेड लागलंय. लागलंच होतं.

आमच्या तिघांच्या काळ्या, जुन्या सायकली. मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर सगळं काढून टाकलेलं, आणि पुढच्या चाकाच्या चिमट्याला भाईदासने जादा पाइप मारलेला. निर्मलकडे मात्र नाशिकहून आणलेली लालभडक, जाड टायरची, सरळ हँडलची नवी सायकल! तशी आख्ख्या पेठेत नव्हती. आणि मनाने इतका मोकळा की आल्या आल्या सायकल आमच्या हातात द्यायचा. "घ्या रे, तुम्ही मारा. मी खालून बघतो." आम्ही पाळीपाळीने त्याची सायकल घ्यायचो, तो खाली वाळूत उभा राहून टाळ्या वाजवायचा. घरून आणलेली शेव नि खाकरे आम्हालाच खायला घालायचा. त्यामुळे तो स्वतः कधी उडी मारत नाही, हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

नाल्यात एक फुटका बांध होता. मागून चढ, पुढे एकदम माणसाच्या उंचीचा तुटलेला कडा आणि खाली वाळू. निंबाचा पुढचा दात तिथेच पडला, म्हणून आम्ही त्याला दातपाड म्हणायचो. आषाढातल्या एका रविवारी भाईदास दातपाडवरून दोनदा उडाला, वर आला, आणि निर्मलची सायकल त्याच्या पुढ्यात उभी केली.

"शेठ, सायकल तुनी शे ना? मंग आज उडी बी तुनी."

निर्मल हसला. "अरे, मी बघतो की."

"चार महिना बघी राहिना! मार, नहीतर बांगड्या भर."

निंबाने शिट्टी मारली. मीही ओरडलो, "चढ रे निर्मल, घाबरतोस काय!" निर्मल सायकलवर बसला. मी बाजूलाच होतो. त्याने कड्याकडे एकदा बघितलं, आणि पुढच्याच क्षणी खाली उतरून अगदी शांत आवाजात म्हणाला, "मला चालत नाही. चातुर्मास लागलाय. मी नियम घेतलाय, चार महिने उडी मारायची नाही."

त्यांच्या जैन समाजात ही रीत असते. चातुर्मासात महाराजसाहेब गावात मुक्कामाला असतात, आणि जो तो आपल्या आवडीची एखादी गोष्ट सोडतो. कोणी हिरवी भाजी सोडतो, कोणी गोड, कोणी रात्रीचं जेवण. एकदा नियम म्हटला की त्यावर बोलायचं नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. भाईदासचा चेहराच उतरला. त्याने दोन्ही कान पकडले. "चुकनं शेठ. माले काय माहीत!"

येताना निर्मल माझ्या बाजूने सायकल चालवत होता. लळिंग मागे पडल्यावर म्हणाला, "लीलाधर, मी नियम-बियम काही घेतलेला नाही. मला भीती वाटली रे. दर रविवारी वाटते. आणि तोंडातून हे निघून गेलं. देवाधर्माचं नाव घेऊन खोटं बोललो मी."

मी म्हटलं, "सोड ना! दिवाळीपर्यंत कोणाच्या लक्षात राहणार आहे?"

माझी अक्कल बघा. तिसऱ्याच दिवशी निंबाने हे शाळेत सांगितलं, शाळेतून ते पेठेत आलं आणि पेठेतून त्याच्या आईच्या, सुगनबाईंच्या कानावर गेलं. बाईंना तर आभाळ ठेंगणं झालं. मुलगा सायकलपायी हातपाय मोडून घेईल म्हणून त्या रोज कुरकुरायच्या. त्याच मुलाने आपल्या जिवाची आवड सोडली! त्या त्याला हाताला धरून जैन स्थानकात, महाराजसाहेबांच्या मुक्कामी, घेऊन गेल्या. महाराजसाहेबांनी विचारलं, "नियम कोणाकडून घेतला?" निर्मल खालच्या मानेने पुटपुटला, "मनातच घेतला." महाराजसाहेब भरल्या सभेत म्हणाले की मनात घेतलेला नियम सर्वांत पक्का, तरुणांनी याच्याकडून शिकावं. सगळी सभा वळून त्याच्याकडे बघायला लागली. मला सांगताना त्याचे कान लाल झाले होते. "जमीन फाटली असती तर बरं झालं असतं," म्हणाला.

एवढ्यावर थांबतं तरी चाललं असतं. पण भाईदास!

पुढच्या रविवारी बांधावर बसलो असताना भाईदासने विचारलं, "शेठ, नियमनं तुमनामा काय ऱ्हास? काय सोडतस?" निर्मल काय बोलणार? म्हणाला, "ज्याचा सगळ्यात जास्त मोह, तेच सोडायचं." त्या दिवशी भाईदासने एकही उडी मारली नाही. निघताना म्हणाला, "तुले उडीना मोह, माले बाटलीना. जवलोंग तुना नियम शे, तवलोंग मना बी नियम."

आम्हाला वाटलं, दोन दिवसांचा उत्साह. पण भाईदासने खरंच सोडली हो! त्याची बायको प्रमिलाबाई तोवर घरोघर पापड लाटून घर चालवायची, आणि मार खायची. तिच्या कपाळावरची खोक सगळ्या गल्लीने बघितलेली. श्रावणात ती मुलीला घेऊन निर्मलच्या दुकानात आली आणि गिऱ्हाइकांसमोर त्याच्या पायावर डोकं ठेवलं. "शेठजी, तुमच्यामुळे पोरगी आता बापाजवळ बसून जेवते." निर्मल गादीवरून उठून आतल्या खोलीत गेला, तो बाई जाईपर्यंत बाहेर आलाच नाही. लोक म्हणाले, बघा, स्तुतीसुद्धा सहन होत नाही माणसाला!

खरा छळ तर संध्याकाळचा. दिवे लागले की भाईदासला तलफ यायची, आणि घाम पुसत तो दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचा. मी एकदा तिथेच होतो. भाईदास विचारत होता, "शेठ, तुले बी असंच व्हस का? बांध दिसना की जीव तुटस का रे?"

निर्मल म्हणाला, "हो."

"मंग कसा ऱ्हास तू?"

"राहायचं. आजचा दिवस काढायचा."

भाईदासने मान हलवली, पाणी प्याला, घरी गेला. निर्मल माझ्याकडे वळून म्हणाला, "बघितलंस? हा माणूस रोज मरण भोगतोय, आणि मी? जी गोष्ट करायला माझी टरकते ती न केल्याबद्दल मी संत. लाज वाटते रे, आरशात बघायची लाज वाटते."

"मग सांगून टाक त्याला," मी चिडून म्हटलं.

"आणि त्याने पुन्हा बाटली उचलली तर? प्रमिलाबाईचं काय?"



असं करत करत कार्तिकी पौर्णिमा आली आणि चातुर्मास सुटला. भाईदासने आधीच जाहीर केलं होतं, येत्या रविवारी शेठ दातपाडवरून उडणार, आणि त्याच क्षणी माझाही नियम सुटणार. त्याने स्वतःच्या हाताने निर्मलच्या सायकलचा चिमटा भक्कम करून दिला, हौसेने झेंडूची माळ आणली. शनिवारी प्रमिलाबाई पुन्हा दुकानात आली. या वेळी पाया पडली नाही. म्हणाली, "शेठजी, नियम वाढवता येत नाही का हो?"

ती गेल्यावर मी म्हटलं, "वाढव की! आयती वाट मिळाली. तुझी उडीही वाचली आणि तिचं घरही."

निर्मल असा भडकला की मी त्याला तसा कधी बघितला नव्हता. "तेच तर! वाढवला की मी पुन्हा सुटलो, आणि वरून पुन्हा संत. नाही. उद्या मी उडी मारणार. हाडं मोडली तर मोडली. मग भाईदासला सगळं खरं सांगणार आणि म्हणणार, मी खोटा होतो पण तू खरा आहेस, तू आता सोडू नकोस. एकदा तरी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलायचंय मला."

मला पटलं. खरं सांगतो, त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला.

रविवारी बांधावर ही गर्दी. पेठेतली पोरं, निंबाच्या शाळेतले दोन मास्तर. भाईदासने पिशवी बाभळीला अडकवली होती, तिच्यातून बाटलीचं बूच दिसत होतं. चेहरा मात्र लहान पोरासारखा फुललेला. "मार शेठ! तू खाले उना की मी बाटली उघाडस!"

निर्मल मागे, चढाच्या खालपर्यंत गेला. सायकलवर बसला. आणि काय आला, राव! मान खाली, पायडलवर उभा, जाड टायर खडी उडवत. मी ओरडत होतो, "सोड ब्रेक, सोड!" कड्याच्या तोंडाशी आला आणि कच्चकन थांबला. सायकल आडवी झाली, हँडलवरची माळ तुटली, तो गुडघ्यावर पडला. पोरं आता हसणार, एवढ्यात तो उठला, हात जोडले आणि म्हणाला, "मी हा नियम जन्मभरासाठी घेतो."

भाईदास त्याच्याकडे बघत राहिला. "जलमभर?"

"जन्मभर."

भाईदास बाभळीकडे गेला. पिशवीतून बाटली काढली, ती हातात तोलली. मग त्याने ती खालच्या दगडावर अशी आपटली की काचा नाल्यापलीकडे गेल्या. "मंग मना बी जलमभर," म्हणाला, आणि निर्मलच्या खरचटलेल्या गुडघ्यांना मिठी मारून ढसाढसा रडायला लागला. मास्तरांनी डोळे पुसले. मी पुसले. काय माणूस हा निर्मल! स्वतःची सुटका बाजूला ठेवली आणि मित्रासाठी पुन्हा ते ओझं उचललं. मी तसं त्याला येताना म्हटलंही. तो धुळ्यापर्यंत सायकल हातात धरून चालत आला.

त्यानंतर तो डोंगराकडे आला नाही. लाल सायकल निंबाला देऊन टाकली.

भाईदासने शब्द पाळला. पुढे स्वतःचं गॅरेज काढलं, आणि सात-आठ वर्षांनी मुलीचं लग्न केलं. मांडवात शेठ लोक होते, नगरसेवक होते. पण भाईदासने पहिला फेटा निर्मलकुमारला बांधला आणि माइक हातात घेतला. "हाऊ माणूस नही, मना घरना देव शे. याना एक नियमवर मनं घर उभं ऱ्हायनं." मांडवभर टाळ्या. प्रमिलाबाईने पदर डोळ्याला लावला. नवरी येऊन पाया पडली. निर्मल उभा होता, फेट्यासकट मान छातीपर्यंत खाली गेलेली. माझ्या मागे कोणीतरी म्हणालं, किती विनयी माणूस आहे बघा.

तो माझ्या शेजारी येऊन बसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "आता तरी मान वर कर ना बाबा! खोटं असेल पहिलं, पण दुसरा नियम तर तू भाईदाससाठीच घेतलास ना?"

टाळ्या अजून चालूच होत्या. त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, "ब्रेक आधी दाबला होता लीलाधर. भाईदास नंतर आठवला."