पिवळी रेघ

कोडखाली पिवळी रेघ दिसली की माझं डोकं आजही सटकतं. अंधेरीच्या ऑफिसात आम्ही भांडुपच्या एका लॅबचं रिपोर्टचं ॲप कोटलिन या नव्या भाषेत करत होतो, पण रिपोर्ट यायचे जुन्या जावा कोडमधून. तो कोड नुसती यादी द्यायचा, आत काय आहे ते सांगायचा नाही. मला मजकुराचीच यादी हवी होती, आणि टाइप, म्हणजे माहितीचा प्रकार, जुळत नाही म्हणून कोटलिन अडून बसलं होतं. मग प्रत्येक नोंद तपासून घेणाऱ्या दहा ओळी मी लिहिल्या. तेवढ्यात आमचा सीनियर बडीशेप चघळत मागे येऊन उभा राहिला. "अगं, कशाला एवढा पसारा? ही मजकुराचीच यादी आहे असं ठासून सांग ना त्याला. सरक." माझ्या दहा ओळी पुसून त्याने माझ्याच मशीनवर एक ओळ लिहिली. इशाऱ्याची पिवळी रेघ उमटली, तर तीही दिसू नये अशी सोय केली. पण यादीत मजकुराच्या मध्येच आकडेही होते. सोमवारी रिपोर्ट उघडला की ॲप बंद पडायला लागलं, आणि ऑपरेशनसाठी रिपोर्ट हवा असलेली माणसं लॅबच्या काउंटरवर फोन घेऊन खोळंबली. मीटिंगमध्ये मॅनेजरने ती ओळ पडद्यावर लावली. शेजारी, ती लिहिणारी म्हणून, माझं नाव. सीनियर शांतपणे म्हणाला, "अगं, एकदा मला विचारायचं ना." इतकी वर्षं त्याला शिव्या घालतेय, पण तो 'सरक' म्हणाला तेव्हा खुर्ची मीच रिकामी करून दिली होती, आणि वर थँक्यूही म्हणाले होते.